शायनिंग मारतोय तर मारू दे ना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत 'शायनिंग' मारणाऱ्या लोकांवर तुमच्याकडे एक लेख आला होता, म्हणजे न समजलेली जाडजूड पुस्तकं हातात धरून फोटो काढणारे, चित्रांच्या प्रदर्शनात हनुवटीला हात लावून उभे राहणारे, साध्या बोलण्यात जड शब्द घुसवणारे वगैरे. लेख चांगला लिहिलाय, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा वाचताना मी पण हसले. आमच्या फॅमिली ग्रुपवर पण तो फिरला आणि लोकांनी एकमेकांना टॅग करून करून मजा घेतली. मग कोणीतरी माझ्या भाच्याचं नाव टाकलं, 'हे तर आपल्या घरातच आहेत' म्हणून, खाली पंधरा वीस हसण्याचे इमोजी, आणि तिथे माझं हसू थांबलं. म्हणून हे पत्र लिहितेय. लांब झालंय, कापायचं तर कापा, पण भाच्याचा भाग कापू नका.

भाचा सतरा वर्षांचा आहे. काही महिन्यांपूर्वी आम्ही सगळे मिळून घरी एक सिनेमा बघत होतो, दिवसभर मशीनवर काम करून घरी आलेल्या माणसाला स्वतःची बायकापोरंच परकी वाटायला लागतात अशी काहीतरी ती गोष्ट होती. सिनेमा संपल्यावर कोण काय बोलतंय हे चाललेलं, तेव्हा हा म्हणाला, यात एक प्रकारचा परात्मभाव दाखवलाय. झालं. एकाने 'बापरे, विचारवंत आले' म्हणलं, दुसऱ्याने 'परत म्हण, परत म्हण' केलं, तिसऱ्याने तो शब्द मुद्दाम चुकीचा म्हणून दाखवला. तो पण हसला थोडासा आणि मग मोबाईल काढून बसला. मी तिथेच होते आणि मी एक शब्द बोलले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. परात्मभाव म्हणजे माणसाला स्वतःच्याच कामापासून, आजूबाजूच्या माणसांपासून, शेवटी स्वतःपासूनच तुटल्यासारखं, परकं वाटणं. शब्द बरोबर होता, जागा बरोबर होती, त्या खोलीत त्याचा अर्थ माहीत असलेला तो एकटाच होता आणि हसलो आम्ही. त्यानंतर कुठल्याही सिनेमाबद्दल विचारलं की तो म्हणतो, बरा होता.

आता कोणी म्हणेल की त्याने तो शब्द शो ऑफ करायलाच वापरला होता. असेल! आठवडाभरापूर्वी कुठेतरी वाचला असेल आणि कधी एकदा वापरतो असं झालं असेल. मग? नवीन शब्द दुसरा कसा वापरायचा असतो मला सांगा, आधी कपाटात ठेवून दहा वर्षं मुरवायचा आणि मग काढायचा का? लहान मुलांना आपण वाढत्या अंगाचे कपडे घेतो, बाही खाली येते, खांदा उतरतो, पण आपण त्या मुलाला 'मोठ्या माणसाची शायनिंग मारतोस' असं म्हणत नाही, बाही दुमडून देतो आणि वर्षभर थांबतो. तो शब्द माझ्या भाच्याला थोडा ढगळ होत होता एवढंच. वाढत्या अंगाचा शब्द होता तो.

इंग्रजीत ज्याला प्रिटेन्शस म्हणतात त्याला आपल्याकडे एक नेमका शब्द नाही, पण टोमणे भरपूर आहेत, शिष्ट, आढ्यताखोर, भाव खातो, टेंभा मिरवतो, आव आणतो, आणि आता शायनिंग. त्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'प्रेटेंडेरे' आहे, त्याचा अर्थ पुढे ताणणं, पुढे धरणं. हे कळल्यावर मला लगेच आपली म्हण आठवली, अंथरूण पाहून पाय पसरावे. पैशाच्या बाबतीत ही म्हण सोळा आणे खरी आहे, कर्ज काढून मोठेपणा मिरवणाऱ्या घरांचे हाल मी बघितलेत. पण तीच म्हण आपण डोक्याला पण लावतो आणि तिथे ती चुकते असं माझं स्पष्ट मत आहे, कारण समज ही अशी गोष्ट आहे की तिचं अंथरूण पाय पसरल्यानंतरच लांब होतं. आधी पाय बाहेर जाणार, थोडा वेळ उघडे पडणार, लोकांना दिसणार.

लहान मुलांचंच बघा. दीड दोन वर्षांचं मूल ठोकळा कानाला लावून फोनवर बोलायला लागतं आणि ते बघून सगळ्या घराला आनंद होतो. लेव्ह व्हिगॉत्स्की म्हणून रशियन मानसशास्त्रज्ञ होऊन गेले (1896 ते 1934), त्यांनी 1933 मध्ये मुलांच्या खेळाबद्दल बोलताना म्हणलं होतं की खेळताना मूल जणू स्वतःपेक्षा एक डोकं उंच असतं. डॉक्टर डॉक्टर, शाळा शाळा खेळताना ते अशा गोष्टी करतं ज्या त्याला एरवी जमत नसतात, एका जागी बसणं, नियम पाळणं, दुसऱ्याची पाळी येऊ देणं. म्हणजे 'मी मोठा आहे' असं नाटक करता करताच ते मोठं होत जातं. हे पाच वर्षाच्या मुलाने केलं तर विकास आणि सतराव्या वर्षी केलं तर आगाऊपणा, हा नियम कुठून आला मला खरंच कळत नाही. पंचेचाळीसाव्या वर्षी कोणी पहिल्यांदा कवितेचं पुस्तक हातात घेतलं तर त्याची तर धडगतच नाही.

माझं स्वतःचं सांगते. मी तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा चित्रांच्या मोठ्या म्युझियममध्ये गेले, ऑफिसमधल्या मैत्रिणींबरोबर, त्यांना त्यातलं कळायचं आणि मला काहीच कळायचं नाही. एका चित्रासमोर सगळ्या थांबल्या, म्हणून मी पण थांबले. जवळजवळ पूर्ण करडं चित्र, त्यात ना माणूस ना झाड ना घर. मला निघायचं होतं पण निघाले तर कळेल की हिला काही कळत नाही, म्हणून मी बघण्याचं नाटक करत उभी राहिले, मान तिरकी करून, डोळे बारीक करून, अगदी तुमच्या लेखात लिहिलंय तसं. आता बघण्याचं नाटक करायचं म्हणजे डोळे कुठेतरी ठेवावेच लागतात ना. पाच मिनिटांनी मला दिसलं की करडा हा एक रंगच नाहीये, खाली तो निळा आहे, वर विटकरी आहे, मध्ये कुठेतरी हिरवा झाकलाय. आणखी थोड्या वेळाने दिसलं की ब्रशचे फटकारे खाली आडवे आहेत आणि वर उभे, त्यामुळे खालचा भाग स्थिर वाटतो आणि वरचा भाग ओघळल्यासारखा. कोणी शिकवलं नाही, कुठे वाचलं नाही, फक्त खोटं खोटं उभी राहिले म्हणून खरं दिसलं. त्यानंतर तीस वर्षं मी चित्रं बघतेय, जिथे जाईन तिथे बघते, आवडण्याचं नाटक कधी संपलं आणि आवड कधी सुरू झाली ती तारीख मला सांगता येणार नाही. त्या दिवशी कोणी मागून 'काय गं, कळतंय का काही' असं म्हणून हसलं असतं तर मी शंभर टक्के बाहेर पडले असते आणि परत कधी आत गेले नसते. कोणी हसलं नाही हे माझं नशीब.

आणि हा टोमणा कोणाला मारला जातो तेही जरा बघा. ज्याच्या घरात चार पिढ्या पुस्तकं आहेत त्याने जड शब्द वापरला तर तो व्यासंगी, आणि ज्याच्या घरात पहिल्यांदा पुस्तक आलंय त्याने तोच शब्द वापरला तर तो शायनर. म्हणजे मुद्दा शब्दाचा नसतोच, मुद्दा पायरीचा असतो, आपली पायरी ओळखून राहा असं सरळ म्हणायला आता लाज वाटते म्हणून 'शायनिंग मारू नको' म्हणतात.

इंग्रज कवी जॉन कीट्सचं उदाहरण मला नेहमी आठवतं. त्याचे वडील भाड्याच्या घोड्यांचा तबेला चालवायचे, तो आठ वर्षांचा असताना ते गेले, पुढे हा मुलगा औषधं देणाऱ्या सर्जनच्या हाताखाली उमेदवारी करून 1816 मध्ये त्या धंद्याचं लायसन्स मिळवून बसला आणि मग ते सोडून कविता लिहायला लागला. ग्रीक येत नव्हतं, प्राचीन ग्रीक कवी होमर वाचला तो इंग्रजी भाषांतरात, आणि तरी कवितेत ग्रीक देवदेवता आणायचा. ऑगस्ट 1818 मध्ये 'ब्लॅकवुड्स' मासिकात त्याच्यावर जो लेख आला त्यात नेमकी हीच टिंगल होती, याला होमर फक्त भाषांतरातून माहीत आणि निघाला ग्रीकांबद्दल लिहायला, आणि शेवटी सल्ला काय तर कवितेवर उपाशी मरण्यापेक्षा औषधाच्या दुकानात उपाशी मर, परत जा तुझ्या मलमांकडे आणि गोळ्यांकडे. बावीस वर्षांचा होता तो. पुढच्याच वर्षी, 1819 मध्ये, त्याने एका ग्रीक कलशावर जी कविता लिहिली ती दोनशे वर्षं झाली तरी जगभर शिकवली जाते. फेब्रुवारी 1821 मध्ये तो गेला तेव्हा त्याचं वय पंचवीस. आता तुम्ही म्हणाल शायनिंग मारणारा प्रत्येकजण कीट्स नसतो, मान्य, अगदी मान्य, पण 1818 साली तो कीट्स आहे हे त्या टीकाकाराला तरी कुठे माहीत होतं?

चित्रकार व्हिसलरचं पण तसंच. रात्रीच्या अंधारात फुटणाऱ्या आतषबाजीचं त्याचं चित्र 1877 मध्ये लंडनला प्रदर्शनात होतं, किंमत 200 गिनी, आणि रस्किनसारख्या त्या काळच्या सगळ्यात वजनदार टीकाकाराने लिहिलं की हा दीडशहाणा लोकांच्या तोंडावर रंगाचं भांडं फेकून एवढे पैसे मागतो. प्रकरण कोर्टात गेलं. दोन दिवसांच्या कामाचे 200 गिनी मागता का असं वकिलाने विचारलं तेव्हा व्हिसलर म्हणाला, नाही, आयुष्यभराच्या ज्ञानाचे मागतो. खटला तो जिंकला पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे त्यांच्याकडचं सगळ्यात छोट्यातलं छोटं नाणं म्हणा, आणि 1879 मध्ये त्याचं दिवाळं निघालं. चित्र आज अमेरिकेत डेट्रॉईटच्या म्युझियममध्ये लटकतंय.

बरं, मी असं अजिबात म्हणत नाहीये की सगळं सोंग चांगलंच असतं. आपल्या भाषेत सोंग आणि ढोंग हे दोन शब्द किती जवळ आहेत बघा आणि किती लांब. सोंग आणणाऱ्याला माहीत असतं की आपण अजून ते झालो नाही, त्याला ते व्हायचं असतं. ढोंगी माणसाला काही व्हायचंच नसतं, त्याला फक्त तुमच्याकडून काहीतरी हवं असतं. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी नीतीवर लिहिताना बढाईखोर माणसाचा विचार केलाय आणि तो वाचून मला फार बरं वाटलं, कारण तो सगळ्यांना एका दावणीला बांधत नाही. काही हेतू नसताना मोठेपणा मिरवतो तो वाईटापेक्षा पोकळ जास्त, मानासाठी करतो त्याला फार दोष देऊ नये, पण पैशासाठी करतो तो खरा ओंगळ, आणि उदाहरणं कोणाची दिलीत तर वैद्य असल्याचं, भविष्य सांगता येत असल्याचं खोटं सांगणाऱ्यांची, म्हणजे जिथे समोरच्याला पटकन पडताळून बघता येत नाही आणि नुकसान त्याचंच होतं. तेवीसशे वर्षांत यात काय बदललं? डिग्री नसताना पेशंट तपासणारा, पैसे दुप्पट करून देतो म्हणणारा, अंगात देव असल्याचं सांगणारा, यांना ठोका ना, हवं तेवढं ठोका, मी पहिली सही करते. हे तोतये आहेत. पण तुमच्या लेखात यातलं कोणीच नव्हतं, तुमच्या लेखात पुस्तक धरलेली मुलगी होती.

वरच्या खुर्चीत बसून न कळणारं बोलणाऱ्यांचा मला पण राग येतो. ॲलन सोकल या न्यूयॉर्कच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने 'सोशल टेक्स्ट' नावाच्या एका विद्वान मासिकाला मुद्दाम अर्थहीन लेख पाठवला, गुरुत्वाकर्षण वगैरे घेऊन नुसती शब्दांची आरास, आणि त्यांनी तो 1996 मध्ये छापला, मग त्याने जाहीर केलं की हे सगळं विडंबन होतं. मला वाटतं बरं केलं त्याने. कारण तिथे जड भाषा ही लोकांना दाराबाहेर ठेवायला वापरली जात होती, तुम्हाला कळत नाही म्हणजे तुम्ही कमी असा तिचा सूर. माझा भाचा दाराबाहेर होता आणि आत यायला धडपडत होता. दोघांच्या तोंडी अवघड शब्द आहे म्हणून दोघांना एकच शिवी घालायची हे मला न्यायाचं वाटत नाही.

आणि याची एक उलटी बाजू पण आहे जिच्यावर कोणी लेख लिहीत नाही. 'आपण बुवा साधी माणसं, आपल्याला ते कविताबिविता काही कळत नाही', हे इतक्या अभिमानाने सांगणारे लोक मी बघितलेत की त्यापेक्षा पुस्तकाचा फोटो टाकणारे परवडले. ॲरिस्टॉटलने हे पण पकडलंय, तो म्हणतो अति साधेपणाची पण बढाई असते, आणि उदाहरण देतो प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाच्या लोकांच्या साध्यासुध्या पोशाखाचं. मला हा साधेपणाचा टेंभा जास्त धोक्याचा वाटतो कारण जो उंच दिसायचा प्रयत्न करतो तो निदान टाचा उचलतो, पायाला थोडा व्यायाम तरी होतो, आणि जो बुटकेपणा मिरवतो तो दुसऱ्याच्या टाचा पण खाली ओढतो. त्या रात्री आमच्या घरी तेच झालं.

मग चुकलं तर सांगायचंच नाही का? सांगायचं की. मला पण सांगितलं होतं. नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती, मोठी मीटिंग होती, आणि मी उभी राहून म्हणाले की या कामाशी मी चांगली अनभिज्ञ आहे. मला म्हणायचं होतं चांगली माहितगार आहे. अनभिज्ञ म्हणजे ज्याला काही माहीत नाही तो, हे मला माहीत नव्हतं, शब्द भारदस्त वाटला म्हणून वापरला. मीटिंगमध्ये कोणी काही बोललं नाही. संध्याकाळी निघताना आमच्या सेक्शनमधल्या एक सीनियर बाई माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, अगं तुला अभिज्ञ म्हणायचं होतं ना, अभिज्ञ म्हणजे जाणकार, पुढचा 'अन' लागला की उलटं होतं, मी पण असंच एकदा केलं होतं. बस, एवढंच. त्या घरी गेल्या, मी घरी येऊन शब्दकोश काढला आणि अभिज्ञ, सुज्ञ, अज्ञ, तज्ज्ञ सगळे शब्द शोधून काढले, रात्री अकरापर्यंत. त्यांनी तेच सगळ्यांसमोर हसून सांगितलं असतं तर शब्द तोच शिकले असते मी, पण परत मीटिंगमध्ये उभी राहिले नसते.

म्हणून कोणाची शायनिंग खरी आणि कोणाची पोकळ हे ओळखायची माझी एकच पद्धत आहे, घरी गेल्यावर तो शब्द शोधतो का. शोधत असेल तर लोकांसमोर तो काय करतो त्याच्याशी मला देणंघेणं नाही. आणि जो कधीच शोधत नाही, 'मला माहीत नाही' हे ज्याला आयुष्यात कधी म्हणताच येत नाही, तो अडकतो, ही या गोष्टीतली खरी भीती आहे आणि ती मी नाकारत नाही. पण हसल्यामुळे तो बाहेर येत नाही हो. हसल्यावर माणूस आणखी घट्ट मुखवटा लावतो किंवा कायमचा गप्प बसतो.

संपादक साहेब, लेख लिहिणाऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांनी बघितलं ते लिहिलं. पण पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा त्या पुस्तक धरलेल्या मुलीला कोणीतरी एकदा विचारा की पुस्तक कुठपर्यंत आलंय. कदाचित बाराव्या पानावर असेल. बाराव्या पानावर असलेली व्यक्ती न उघडलेल्यापेक्षा बारा पानं पुढे आहे.

लेख ग्रुपवर फिरला त्याच्या दुसऱ्या दिवशी भाचा काही सामान द्यायला माझ्याकडे आला होता. मी विचारलं, तो शब्द काय होता रे, सिनेमाच्या वेळी म्हणालेलास तो, मला नीट सांग. तो म्हणाला, सोड ना आत्या. मी म्हणलं मला खरंच हवाय, आणि त्या दिवशी मी गप्प बसले ते चुकलं माझं. तो काही बोलला नाही, सामान ठेवून गेला. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, त्या सिनेमावर बारा पंधरा ओळी, शब्द दोनदा वापरलेला, एका ठिकाणी मला नाही पटला आणि तसं मी त्याला कळवलं, मग आम्ही अर्धा तास त्यावरून वाद घातला. शेवटी मी म्हणलं हे ग्रुपवर टाक, छान लिहिलंयस.

नको म्हणाला.

आपली,
एक नियमित वाचक